अख्खी रात्र

अण्णांनी पुण्यात रमणबागेच्या पटांगणावर 'सवाई'च्या कितीतरी रात्री काढल्या. डिसेंबरची थंडी, अंगावर शाल, मांडीखाली सतरंजी आणि आईने भरून दिलेला चहाचा थर्मास. भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली हा महोत्सव सुरू केला. त्याची सांगता वर्षानुवर्षं त्यांच्याच गाण्याने, उजाडता उजाडता व्हायची. अण्णा तिथून थेट खडकीच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जात. पुढे ध्वनिक्षेपकांवर रात्री १० नंतर बंधनं आली. गाणं राहिलं, रात्र गेली. अण्णा जात राहिले, पण घरी आले की चपला काढताना एवढंच म्हणत, "ऐकलं खरं, पण जागरण नाही झालं."

आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात, २०१९ साली, ते आमच्याकडे अटलांटाला आले. वय ७४. त्यांना एकदा अख्खी रात्र गाण्यात बसवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

टेनेसी राज्यातल्या मँचेस्टर गावाबाहेर ७०० एकरांच्या शेतात २००२ पासून जूनमध्ये बॉनारू हा संगीत महोत्सव भरतो. न्यू ऑर्लिन्सच्या डॉक्टर जॉन या गायकाने १९७४ साली काढलेल्या एका अल्बमच्या नावातून हा शब्द उचललेला आहे. चार दिवस गाणं, आणि तेही पहाटेपर्यंत. एरवी शांत असलेल्या त्या मुलखात जत्रेसारखी हजारो माणसं उतरतात आणि तिथेच मुक्काम करतात, बहुतेक तंबूत. पण दुखऱ्या गुडघ्यांच्या आणि रात्री दोनदा उठावं लागणाऱ्या माणसाला जमिनीवरचा तंबू सोसणार नव्हता. म्हणून भाड्याची आरव्ही घेतली. २५ फुटी गाडीत पलंग, ओटा, फ्रीज आणि मुख्य म्हणजे संडास. अण्णांनी आत चढून सगळी दारं-खणं उघडून पाहिली आणि म्हणाले, "अगं, हे तर विंचवाचं बिऱ्हाड!" लहानपणी ते बैलगाडीतून जत्रेला जात. गाडी सोडायची, बैल बांधायचे, चूल मांडायची आणि रात्री गाडीखालीच अंग टाकायचं. आपण कुठे निघालोय हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं, असं आता वाटतं.

चॅटनूगा मागे पडल्यावर आंतरराज्य २४ वर मॉन्टइगलचा घाट लागतो. गाडी चालवणाऱ्या सुहासने गिअर खाली घेतला, मागे भांड्यांचा खडखडाट झाला, उजव्या बाजूने मालट्रक रांगत होते. त्या घाटाच्या आधीच कुठेतरी पूर्वेची वेळ संपून मध्यवर्ती वेळ सुरू होते. माझ्या फोनवरचं घड्याळ एक तास मागे गेलं. अण्णांना सांगितलं, तर त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, किल्ली ओढून काटा मागे फिरवला आणि म्हणाले, "हा तास वरकड मिळाला. तो गाण्याला."

शेतावर जागा मिळाली ती उतारावर. आरव्हीचा गॅसवर चालणारा फ्रीज गाडी तिरकी असली की नीट गार होत नाही, म्हणून चाकांखाली प्लास्टिकचे ठोकळे सारून ती सपाट करावी लागते. त्यासाठी फोनमध्ये सोय असते. अण्णांनी ती पाहिलीही नाही. ओट्यावर ताट ठेवलं, त्यात काठोकाठ पाणी ओतलं आणि वाकून काठावर नजर लावली. "डावीकडे बोटभर." सुहास गाडी पुढे घ्यायचा, पाणी एका काठाशी जमायचं, अण्णा हात वर करायचे. चौथ्या खेपेला पाणी चहूबाजूंनी काठाला सारखं लागलं आणि हललं नाही. चाळीस वर्षं फिटर होते अण्णा. शेजारच्या गाडीजवळ खुर्ची टाकून बसलेल्या अलाबामाच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. निवृत्त नर्स. त्या दर वर्षी एकट्याच यायच्या.

आरव्हीत पाण्याला किंमत येते. स्वच्छ पाण्याची टाकी दीडशे लिटरांची, खाली सांडपाण्याच्या दोन: एक ओट्या-न्हाणीची, दुसरी संडासाची. उपसणारा ट्रक येईपर्यंत त्यातच भागवायचं. मी पेल्यात पाणी घेऊन दात घासायला लागले, वाटीभर पाण्यात ताट विसळायला लागले. पाणी भरायला तीन-तीन मजले उतरलेल्या माझ्या आजीची ही रीत. बाहेर रणरणतं ऊन होतं. मुख्य आवारात रंगवलेल्या मशरूमसारखं एक कारंजं आहे, त्याखाली पोरं भिजत होती. कमानीतून आत जाताना अनोळखी माणसं टाळीसाठी हात पुढे करतात, ही तिथली जुनी चाल. अण्णांनी पहिल्या दिवशी नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी ते प्रत्येकाला टाळी देत होते.

शनिवारी जॉन प्राइन गायला. घडीची खुर्ची घेऊन, थांबत थांबत, अर्ध्या तासाने आम्ही तिथे पोहोचलो. मी अण्णांना एवढंच सांगितलं होतं की हा ७२ वर्षांचा आहे, शिकागोजवळ टपाल वाटत वाटत गाणी रचायचा, आणि मानेच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर त्याचा आवाज खाली उतरला, खरखरीत झाला. शब्द अण्णांना फारसे कळले नसतील. तो उच्चारच वेगळा. पण पहिलं गाणं संपल्यावर ते माझ्याकडे वळले. "आवाज गेलाय, गाणं नाही गेलं." पुढे तासभर ते बोलले नाहीत. समोर विशीतली पोरं ओळन् ओळ त्याच्याबरोबर म्हणत होती. पुढच्या एप्रिलमध्ये करोनाने प्राइन गेला. अण्णांनी पुण्याहून फोन केला आणि म्हणाले, "आपला पोस्टमन गेला गं."

पण मला सांगायचं आहे ते त्याच रात्रीचं.

आमच्या गाडीचा जनरेटर इंजिनाच्याच टाकीतलं पेट्रोल ओढतो आणि टाकी पाव राहिली की आपोआप बंद पडतो. माणूस परतीच्या वाटेवर अडकू नये म्हणून केलेली ही योजना. तो रात्री एकच्या सुमाराला थांबला. भाड्याच्या गाडीची बॅटरी आधीच निकामी होती. पंखाही गेला. आत घुसमट व्हायला लागली. मी सगळ्या खिडक्या सरकवल्या, दार उघडलं, आणि पंख्याच्या घरघरीने इतका वेळ अडवून ठेवलेलं सगळं एकदम आत आलं.

लांबून ढोलाचा ठोका येत होता. तो कानात नाही, छातीत वाजत होता. त्याच्यावर कुठल्यातरी दुसऱ्या तंबूतून गिटार. वारा फिरला की ती मावळायची आणि कुठूनतरी एक बाई गाताना ऐकू यायची. रात्री जमिनीलगतची हवा आधी गार होते, वरची ऊबदार राहते, आणि दूरचा आवाज वर निसटून न जाता वाकून खाली येतो. दिवसा जे ऐकू आलं नव्हतं ते आता पायरीपर्यंत येत होतं.

मी अण्णांना हाक मारली. पलंग रिकामा होता. ते बाहेर, अलाबामाच्या बाईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते. मध्ये एक पातेलं. त्यांनी मला हाताने बोलावलं. "अगं, बघ तरी, उकडलेल्या शेंगा!" मीठ घालून टरफलासकट उकडलेल्या शेंगा दक्षिणेकडे सगळीकडे खातात हे मला माहीत होतं, पण अण्णांना नव्हतं. ओल्या टरफलावर अंगठा दाबून ते दाणे काढत, दोन स्वतः खात, दोन बाईंच्या तळव्यावर ठेवत. दोघांना एकमेकांचं बोलणं निम्मंच समजत होतं. गवतावर काजवे होते. मृगाच्या तोंडावर भंडारदऱ्याला झाडंच्या झाडं पेटलेली असतात तसे नव्हे, सुटे सुटे, गुडघ्याच्या उंचीवर.

मी पायरीवर बसले. दोनला एक वाद्य थांबलं, तीनला दुसरं सुरू झालं. अण्णांचा उजवा हात मांडीवर हळूहळू चालत होता, लहानपणी पाहिला होता तसाच, सम आली की बोटं मिटणारा. ज्या संगीताला सम नाही त्यातही त्यांनी ती कुठेतरी शोधली होती. त्यांनी आईचं नाव काढलं नाही, पण साडेचारला म्हणाले, "आता चहा हवा." मी गॅस पेटवला. पूर्वेकडे ओकच्या रांगेमागे फटफटलं, तेव्हा शेवटचा ठोका वाजून थांबला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. इतक्या लांब वाजवणार कोण? बाईंनी रिकामं पातेलं उचललं. अण्णांनी पेला ओठांना लावला आणि स्वतःशीच म्हणाले, "झालं जागरण."

रविवारी फिश या बँडने शेवट केला. सोमवारी टाक्या उपसून, ठोकळे गोळा करून आम्ही निघालो. घाट उतरल्यावर फोनवरचं घड्याळ एक तास पुढे उडालं. मागच्या बाकावर पट्टा बांधून अण्णा गाढ झोपले होते, खडकीच्या बसमध्ये झोपत असतील तसे, हनुवटी छातीला लावून. मनगटावरचं घड्याळ अजून टेनेसीच्या वेळेवर चाललं होतं. मी त्यांना उठवलं नाही.