भिंतीचा रंग

शाळेच्या वार्षिक अंकांत शिक्षकानें लिहावयाचें तें अभ्यास, शिस्त अथवा वाचन यांविषयीं, असा एक रिवाज पडून गेला आहे. यंदा तो रिवाज मोडून घराच्या भिंतींच्या रंगाविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय क्षुल्लक आहे असें कोणास वाटेल. परंतु या विषयांत आम्ही स्वतः एकदां नापास झालों, आणि त्याची शिक्षा आमच्याऐवजीं दुसऱ्या एका व्यक्तीस भोगावी लागली. आमच्या विद्यार्थ्यांस, तसेंच घर रंगविण्याच्या विचारांत असलेल्या त्यांच्या पालकांस, त्या अनुभवाचा कांहीं उपयोग व्हावा एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आमच्या लहानपणीं रंगाची निवड हा प्रश्नच नव्हता. नाताळ पंधरा दिवसांवर आला म्हणजे वडील कळीचा चुना आणीत आणि अंगणांतील जुन्या पिंपांत तो भिजत घालीत. पाणी पडतांच चुना उकळूं लागे, वाफा निघत, आणि आम्हां भावंडांस डोळे सांभाळण्याची ताकीद देऊन ओट्यावर बसविलें जाई. दुसरे दिवशीं तो गाळून घेऊन त्यांत डिंकाचें पाणी, थोडें मीठ व अगदीं चिमूटभर नीळ घालीत. पांढऱ्या रंगांत निळा रंग कशाला, असें आम्हीं एकदां विचारलें. आई म्हणाली, "पांढऱ्याला पांढरं दिसायला थोडी नीळ लागते, बाळा." पुढें कॉलेजांत गेल्यावर कळलें कीं आईचें म्हणणें शास्त्रास धरून होतें. चुन्यांत किंचित् पिंवळसर झांक असते. निळीनें ती मारली जाते आणि भिंत अधिक शुभ्र भासते. भिंतीवर बसलेला चुना हवेंतील कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हां चुनखडीच्या जातीचा होतो, म्हणून तो भिंतीस घट्ट धरतो, हेंही त्याच वर्गांत समजलें.

जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत मात्र चुना नसे. तेथें गेरूचा तांबडा पट्टा असे, आणि उंबरठ्यांसही गेरूच लावीत. पावसाचा चिखल उडाला तरी दिसूं नये, एवढाच त्याचा उपयोग, असें आम्ही समजत होतों. त्याचा दुसरा उपयोग कळावयास आम्हांस वयाचीं चाळीस वर्षें उलटावीं लागलीं.

२०२१ सालच्या दिवाळीच्या सुट्टींत आम्हीं आमचें सध्याचें घर रंगवावयास काढलें. वडील जाऊन बरींच वर्षें झालीं होतीं व आई आमच्याजवळच राहत होती. चुन्याचें पिंप केव्हांच गेलें होतें. आतां दुकानांत शेंकडों छटांचें पुस्तक समोर येतें, आणि बोट ठेवावें ती छटा यंत्र घटकेभरांत डब्यांत मिसळून देतें. इतकी निवड हातीं आली म्हणजे मनुष्य स्वतःच्या घराकडे पाहण्याऐवजीं दुसऱ्याच्या घराकडे पाहूं लागतो. आम्हींही तेंच केलें. त्या सुमारास करड्या रंगाची मोठी चलती होती. मोबाइलवर पाहावें तें घर करडें. ज्यांच्याकडे जेवावयास जावें त्यांचा दिवाणखाना करडा. आमची कन्या त्या वेळीं नववींत होती. तिनें व आम्हीं मिळून एक गडद करडी छटा पसंत केली. दारांच्या चौकटींसही तोच रंग द्यावयाचा ठरला, म्हणजे सगळें कसें एकसारखें दिसेल! फरशी तर मूळचीच राखी होती. रंगारी अनुभवी होता. तो म्हणाला, "सर, आधी हातभर जागा रंगवून बघू. दोन दिवस नजरेखाली राहू द्या." आम्हांस सुट्टी संपण्याची घाई होती, आम्हीं त्याचें ऐकलें नाहीं. आणि आईस तर आम्हीं विचारलेंही नाहीं.

रंगकाम आटोपल्यावर आई सगळ्या घरांतून हिंडली व म्हणाली, "छान आहे रे. पावसाच्या ढगासारखा आहे." आम्हांस ती प्रशंसा वाटली. त्यानंतर ती दिवाणखान्यांत फारशी बसेनाशी झाली. आपलें वाचन आणि तांदुळांचें सूप घेऊन ती मागील पडवींत जाऊन बसे. उजेडासाठीं बसतें, असें म्हणे. आम्हीं अधिक चौकशी केली नाहीं.

२०२२ च्या जुलै महिन्यांत, एका पावसाळी संध्याकाळीं, स्वयंपाकघराकडे जातांना मधली पायरी तिला दिसली नाहीं. ती पडली आणि तिचें उजवें मनगट मोडलें. भिंत करडी, चौकट करडी, फरशी करडी, आणि खिडकींतून येणारा उजेडही करडा. त्या पायरीची कड तिला दिसावी तरी कशी? हाड बसविल्यावर डॉक्टरांनीं डोळे तपासून घेण्यास सांगितलें. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु वाढत होता. नेत्रवैद्यांनीं आम्हांस समजावून दिलें कीं वयोमानानें डोळ्यांतील भिंग पिंवळसर व गढूळ होत जातें. मग रंगांतील बारीक भेद, विशेषतः निळ्या छटा, ओळखूं येईनाशा होतात, आणि एकाच रंगाच्या दोन वस्तूंमधील कड तर मिटूनच जाते. "पायरीच्या कडेला वेगळा रंग द्या," असें ते शेवटीं म्हणाले.

त्या क्षणीं आम्हांस लहानपणच्या घरांतील गेरूचा पट्टा आठवला. आमच्या आजोबांस अखेरचीं वर्षें फार अंधुक दिसे. तरी त्या घरांत ते कधीं अडखळून पडल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. भिंत कोठें संपते, जमीन कोठें सुरू होते व उंबरठा कोठें आहे, हें तो तांबडा पट्टा त्यांस सांगत असला पाहिजे. जें आमच्या अशिक्षित आजीस कोणीं न सांगतां समजत होतें, तें पदवीधर नातवास समजलें नव्हतें. घरीं येतांच आम्हीं पायरीच्या कडेस गेरूच्या रंगाचा पट्टा ओढला.

नोव्हेंबरांत आईच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर ती नेहमींप्रमाणें पडवींत जाऊन बसली. घरांतील तेवढीच भिंत पांढरी राहिली होती. तिनें एक डोळा झांकला, मग दुसरा झांकला, पुन्हां पहिला झांकला, आणि लहान मुलीसारखी हसून म्हणाली, "या डोळ्यानं भिंत हळदीच्या फडक्यासारखी दिसते, आणि या डोळ्यानं पाहिलं तर निळसर. चुन्यात नीळ कुणी घातली रे?" भिंत एक, उजेड एक, पाहणारें माणूसही एक, तरी रंग दोन! फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांची गोष्ट आम्हीं पूर्वीं वाचली होती. मोतीबिंदु वाढला तसतशीं त्यांचीं चित्रें तांबूस व पिंवळट होत गेलीं, आणि १९२३ सालीं उजव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर निळा रंग त्यांस पुन्हां दिसूं लागला. ती गोष्ट आम्हीं वर्गांत सांगितलीही होती. परंतु ती आपल्याच घरीं घडत आहे हें ओळखलें नव्हतें. छटांच्या पुस्तकांत असतो तो अर्धाच रंग होय. उरलेला अर्धा खोलींतील उजेडांत आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असतो.

पुढें दुसऱ्या डोळ्याचीही शस्त्रक्रिया झाली. रंगकामाची धूळ डोळ्यांत जाऊं नये म्हणून आम्ही २०२३ च्या मे महिन्यापर्यंत थांबलों, आणि मग घर पुन्हां रंगविलें. खर्च दुसऱ्यांदां झाला. परंतु या खेपेस रंगाऱ्याचें सर्व म्हणणें मुकाट्यानें ऐकलें. त्यांतून जें शिकलों तें थोडक्यांत सांगतों.

रंगाआधीं खोलीचा उजेड पाहावा. पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशाचा सुमारें चार-पंचमांश भाग खोलींत परत टाकते. गडद करडी भिंत त्यांतील बराचसा गिळून टाकते. उत्तरेकडे खिडक्या असलेल्या खोलींत थेट ऊन फारसें येत नाहीं, आभाळाचा निळसर उजेड येतो. तेथें करडा रंग अधिकच थंड दिसतो व किंचित् पिंवळसर असा दुधी रंग शोभतो. पश्चिमेच्या खोलींत दुपारनंतरचें तापट ऊन येतें. तेथें फिकट हिरवा अथवा निळसर रंग डोळ्यांस निववितो.

छटा कागदावर न ठरवितां भिंतीवर ठरवावी. हातभर लांबरुंद तुकडा दोन निरनिराळ्या भिंतींवर रंगवून तो सकाळीं, दुपारीं व दिवे लावल्यावर पाहावा. चारही भिंतींस रंग लागला म्हणजे एका भिंतीची झांक दुसरीवर पडून तो अधिक गडद भासतो. म्हणून कागदावर आवडलेल्या छटेहून थोडी फिकी छटा घेणें बरें. दिव्यांचाही विचार करावा. २७०० केल्विनचा पिंवळसर दिवा आणि ६५०० केल्विनचा पांढरा दिवा यांच्या प्रकाशांत एकच भिंत निरनिराळी दिसते.

ओल धरलेल्या भिंतीस कितीही महाग रंग दिला तरी त्याचे पोपडे सुटावयाचेच. ओलीचें मूळ आधीं शोधावें, भिंत पुरती सुकूं द्यावी, मगच कुंचला हातीं घ्यावा. जुना तैलरंग काढतांना तर विशेष जपावें. पूर्वीच्या पुष्कळ तैलरंगांत शिसें असे, आणि त्याची धूळ पोटांत गेल्यास लहान मुलांच्या मेंदूस अपाय होतो. आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावें असा नियम २०१६ सालीं झाला व २०१७ च्या नोव्हेंबरपासून तो लागू झाला. त्याआधींचा रंग कोरडा घासूं नये; ओला करून काढावा व मुलांस त्या खोलीपासून दूर ठेवावें.

फॅशनचा रंग वाईटच असतो असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु चार घरीं दिसतो एवढ्यावरून तो आपल्या घरीं आणूं नये. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ कार्ल शीले यांनीं १७७५ सालीं एक तेजस्वी हिरवा रंग शोधून काढला. एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील घरांच्या भिंतींवर चिकटविण्याच्या नक्षीदार कागदांत तसले हिरवे रंग मोठ्या हौसेनें वापरीत. आणि त्यांत सोमल होता! उलट आपल्या अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रें पाहावीं. त्यांतील बहुतेक रंग गेरू, पिवडी, काजळी, चुना अशा साध्या द्रव्यांचे आहेत, आणि सुमारें पंधराशें वर्षांनंतरही ते ओळखूं येतात. गेरू व पिवडी यांचा रंग लोखंडाच्या संयुगांचा असतो. तो उजेडानें उडत नाहीं. टिकाऊ रंग हवा असेल त्यानें आपल्या पायांखालच्या मातीकडे एकदां पाहावें.

या खेपेस रंगाची पसंती आईकडे होती. तिनें भिंतींस दुधी रंग व चौकटींस गडद तपकिरी रंग निवडला, आणि खालीं हात-दीड हात गेरूच्या रंगाचा पट्टा मागून घेतला. आमची कन्या म्हणाली, "आजी, तो पट्टा मी रंगवते," आणि तिनें तो खरोखरच रंगविला. तिच्या खोलींतील एक भिंत मात्र आजीनेंच आग्रहानें करडी ठेवविली. "तिच्या डोळ्यांना आवडतो ना? मग राहू दे," एवढेंच म्हणाली. आमच्याहून तिचें मन उदार, दुसरें काय!

आमच्या विद्यार्थ्यांस एकच सांगणें आहे. घरीं रंगाचा विचार निघेल तेव्हां छटांचें पुस्तक आधीं घरांतील सर्वांत म्हाताऱ्या माणसापुढें ठेवा. त्यांस कोणता रंग आवडतो तें तर विचाराच. परंतु त्यांस काय दिसतें, हें त्याच्याही आधीं विचारा. घर पाहुण्यांच्या नजरेस दिवसांतून घटकाभर पडत असेल; आजी-आजोबांचा सारा दिवस त्यांत जातो.

आई आतां पुन्हां दिवाणखान्यांत बसते. मनगट बरें झालें आहे. थंडींत तेवढें दुखतें. पायरीच्या कडेचा रंग येतां-जातां झिजतो. तो दर वर्षीं नाताळापूर्वीं आम्ही स्वतःच्या हातानें देतों.