नारकंड्याचा उतार

बर्फाची सहल म्हटली की आपल्या घरांत गुलमर्गचे नाव निघते आणि खर्चाचा अंदाज ऐकून ते तेथेच मिटते. सिमल्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर, हिंदुस्तान-तिबेट मार्गावर, सुमारे २७०० मीटर उंचीवर वसलेले नारकंडा मात्र सहसा कोणास आठवत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही ग्वाल्हेरहून सहकुटुंब तेथे गेलो.

कालका ते सिमला हा ९६ किलोमीटरचा प्रवास १९०३ साली सुरू झालेल्या छोट्या गाडीनेच करावा. बोगदे मोजण्यात मुलांचा वेळ कसा जातो ते कळत नाही. सिमल्यापुढे कुफ्री लागते. एके काळी स्कीइंगसाठी तिचे नाव घेतले जाई. आता भाड्याची घोडी आणि त्यांच्या टापांनी झालेला चिखल. तेथे न रेंगाळता ठियोग मागे टाकून देवदारांच्या सावलीतून पुढे जावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नारकंड्याचा नवशिक्यांचा उतार बेताचा आहे. आईबापांना खाली उभे राहून मूल दृष्टीआड होऊ न देता पाहता येते. स्की, काठ्या आणि बूट भाड्याने मिळतात. बूट असे जड व ताठ की पहिली दहा मिनिटे मुले नुसती चालावयासच शिकत होती. शिकविणारा तरुण जवळच्याच खेड्यातील. त्याने आधी पडावयास शिकविले: कुशीवर पडावे, पाठीवर नव्हे. मग स्कीची पुढची टोके जवळ आणि मागची दूर ठेवून वेग आवरण्याची रीत. वर नेणारा पाळणा नाही. खेकड्यासारखे आडवे एकेक पाऊल टाकीत चढावयाचे. अर्ध्या मिनिटाच्या घसरणीसाठी दहा मिनिटांची चढण! धाकटी सात वेळा पडली, आठव्या वेळी उभीच खाली आली, आणि आमच्या सौभाग्यवतींनी डिंकाच्या लाडवांचा डबा तेथेच उघडला.

लाडू खाताना तो तरुण मोकळा झाला. त्याच्या घरची सफरचंदांची बाग आहे. तो जानेवारी जवळजवळ कोरडाच गेला होता; बर्फ आला तो महिनाअखेरीस. “मास्टरजी, यह सफ़ेद खाद है,” तो म्हणाला. या टापूत अशी बोलण्याची रीतच आहे, आणि तीत अतिशयोक्ती नाही. बर्फ सावकाश वितळून मुळांपाशी ओल मुरवितो. शिवाय डेलिशस जातीच्या झाडास हिवाळ्याच्या झोपेत सात अंशांखालील थंडीचे हजारभर तास तरी लागतात. ते न मिळाल्यास मोहोर धड येत नाही. जवळच्या कोटगढ परिसरात सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थाने १९१६ साली या जातीची कलमे लावली आणि त्यावर हा सारा डोंगर संसारास लागला. आता खालच्या उंचीवरील बागाईतदार कमी थंडीत फळणाऱ्या जातींकडे वळत आहेत.

उतारावरही निसर्ग देईल तेवढाच बर्फ. ज्या वर्षी तो रुसतो, त्या वर्षी या तरुणाची हिवाळ्यातील मिळकत बुडते आणि पुढच्या हंगामाचीही धास्ती लागते.

हाटू शिखरावरील देवीचे लाकडी मंदिर पाहण्याचे आमच्या मनात होते. पण रस्ता बर्फाखाली होता. त्या रात्री पुन्हा भुरभुर सुरू झाली. परतीचा घाट बंद होणार म्हणून आमचा चालक कपाळाला हात लावून बसला. मुक्कामाचे यजमान मात्र कंदील घेऊन अंगणात गेले आणि फूटपट्टीने बर्फाचा थर मोजू लागले.