फुगलेली बॅटरी आणि पुण्याचं तिकीट

लॅपटॉपची बॅटरी अचानक मरत नाही, आधी सांगत राहते. पाच तास चालणारी दोन तासांवर येते. चाळीस टक्के दाखवत असतानाच मशीन बंद पडतं. हे तिचं म्हातारपण, त्याची फार घाई नसते. पण टचपॅड वर उचलला गेला किंवा झाकण नीट मिटेनासं झालं, तर दुखणं वेगळं आहे. बॅटरी फुगली आहे.

माझी फुगली ती आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला निघायच्या आठ दिवस आधी. मी अल वक्राला राहते, दोहा मेट्रोची रेड लाइन संपते तिथे. रोज मुशैरिबला गाडी बदलून एज्युकेशन सिटीला जाते. पीएचडीपासूनचं सगळं काम याच मशीनवर. त्याची दुसरी प्रत होती, पण सुट्टीत लेख पुरा करायला मशीनही हवंच होतं.

मैत्रीण म्हणाली, "अगं, चाललीच आहेस ना? तपकीर गल्लीत निम्म्या पैशांत होईल."

तुमच्याकडेही ती यादी असणार. चष्मा, दात, ब्लाउजची शिलाई, लॅपटॉप: सगळं 'भारतात गेल्यावर'. आपण परदेशस्थ निम्मी कामं अशीच साठवतो, आणि बहुतेकदा ते फायद्याचंच असतं. फुगलेली बॅटरी मात्र त्या यादीत बसत नाही, कारण मध्ये विमान आहे. खराब झालेली लिथियम बॅटरी केबिनमध्येही चालत नाही आणि खालच्या सामानातही नाही. नियम उगाच झालेले नाहीत. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या एका मालवाहू विमानाला हवेत आग लागली. सामानात लिथियम बॅटऱ्या होत्या. दोन्ही वैमानिक गेले. आपल्या विमानात तर कुणाची तरी आजी आणि कडेवरचं बाळही असतं.

परदेशातून बॅटरी मागवणंही सोपं नाही. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला बंदी आहे. म्हणजे उपाय अल वक्रातच शोधायचा.

पहिल्या दुकानात उत्तर मिळालं, "चलता है मॅडम, छे महिना और." मी मशीन उचललं आणि बाहेर पडले. बॅटरीतला द्रव हळूहळू विघटित होतो, त्याचा वायू होतो आणि पाकीट फुगतं. ते दाबून बसत नाही. टोचलं तर आत शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतं. म्हणून फुगलेली दिसली की चार्जर काढायचा, मशीन बंद करायचं, दाबायचं नाही, आणि उघडायचं काम सराव असलेल्यावर सोडायचं.

दुसऱ्या दुकानातल्या मल्याळी दादांनी आधी जुन्या बॅटरीचा पार्ट नंबर वाचला, मग नवीवर तो जुळवून दाखवला. मी बनावटीची तारीख विचारली. हे तुम्हीही विचारा, कारण बॅटरी न वापरताही वय धरते. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेली 'नवी' बॅटरी नवी नसते. अर्ध्या तासात काम झालं, २८० रियाल. जुनी त्यांच्याकडेच ठेवून घ्यायला सांगितली. ती कचऱ्याच्या डब्यात टाकायची वस्तू नाही.

आखातात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. बॅटरीचे दोन शत्रू: उष्णता, आणि सतत शंभर टक्के भरलेलं असणं. इथे दर वर्षी १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करायला कायद्यानेच बंदी असते. त्या उन्हात बंद गाडीत लॅपटॉप ठेवू नका. दिवसभर चार्जरला जोडून काम करत असाल, तर चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय बऱ्याच मशीनमध्ये असते, ती चालू करा. लिथियम-आयन बॅटरीसाठी २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, पण म्हातारपण टाळण्याचा शोध अजून कुणाला लागलेला नाही.

तर, पुढच्या वेळी गावी जायची बॅग भराल तेव्हा लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा आणि कोपऱ्यांवर हलकं बोट टेकवून पाहा. डुगडुगला, तर आधी दुकान गाठा. लोणच्याची बरणी नंतर रिकामी करून बांधता येईल.