गोळी आणि उपास

माझ्या फाइलीवर आधी ‘डिप्रेशन’ लिहिलं होतं, मग ‘अँग्झायटी’, शेवटी ‘बायपोलर’. उचगावात जावा विचारायच्या, “नेमकं झालंय तरी काय गं?” उदासी नि घबराट तिन्हींत दिसतात, चढती लहर दिसल्यावरच निदान बदलतं. बायपोलरमध्ये नुसत्या डिप्रेशनच्या गोळीनं ती लहर उसळूही शकते. म्हणून आता लिथियम चालू आहे.

दशलक्षणात निर्जळ उपास करायची मला फार हौस. पण पाणी किंवा मीठ एकदम कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. हात थरथरतात, उलट्या होतात, मूत्रपिंडालाही धोका. डॉक्टरांनी स्पष्ट ‘नको’ म्हटलं.

मैत्रिणींनो, उपासाआधी गोळी आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. दहा धर्मांतला पहिला उत्तम क्षमा. यंदा मी तोच धरलाय. सासूबाईच पाण्याचा तांब्या भरून ठेवतात.