पाय थाऱ्यावर नाहीत!

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, शॉर्टमध्ये एमएस. शरीराची संरक्षण यंत्रणाच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण कुरतडते. हे मी आता चहा पिता पिता सहज सांगते. सांगायला अवघड जातं ते दुसरंच. रात्री माझे पाय शिवशिवतात.

हसू नका! दुखत नाहीत, मुंग्याही येत नाहीत. पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळतं आणि पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून फेऱ्या मारल्या की शांत, आडवं झालं की पुन्हा सुरू. दिवसभर डेडलाइनमागे धावणारे पाय रात्री अकराला नाइट शिफ्टवर येतात. मल्टिप्लेक्समध्ये मी कडेचीच सीट घेते. रात्रभराच्या बसप्रवासाचं तर नाव नको.

या प्रकाराला नाव आहे: रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम. थॉमस विलिस या इंग्लिश डॉक्टरने १६७२ मध्येच त्याचं वर्णन केलं होतं. नाव मात्र १९४५ च्या सुमारास स्वीडनच्या एकबॉम यांनी दिलं. इटलीतल्या २००८ च्या एका अभ्यासात एमएस असलेल्या १९ टक्के लोकांना हा त्रास आढळला, एमएस नसलेल्यांत ४.२ टक्के.

गोची अशी की एकदा एमएस झाला की सगळं त्याच्याच खात्यावर जातं. थकवा? एमएस. झोप नाही? एमएसच. माझ्या न्यूरॉलॉजिस्टने मात्र नेमकं विचारलं, ‘पाय आपोआप ताठतात, की तुम्हाला ते हलवावेसे वाटतात?’ ताठणं म्हणजे स्पॅस्टिसिटी. हलवावेसे वाटणं वेगळं, आणि त्याचे उपायही वेगळे.

मग रक्ताची फेरिटिन टेस्ट झाली. शरीरातला लोहाचा साठा कमी असला की हा त्रास वाढतो. माझा कमीच निघाला. सर्दीवरच्या झोप आणणाऱ्या काही गोळ्या आणि काही अँटिडिप्रेसंट्सही पाय बिघडवतात. पूर्वी सर्रास दिल्या जाणाऱ्या डोपामिनच्या गोळ्यांनी पुढे त्रास उलटू शकतो, म्हणून आता गॅबापेंटिनसारख्या औषधांवर भर असतो. पण लोह काय किंवा गोळी काय, डॉक्टरला विचारूनच!

लोहाचं औषध सुरू होऊन काही महिने झाले. एमएस आहे तिथेच आहे. पण आठवड्यातल्या चार-पाच रात्री सलग झोप लागते आणि सकाळी दहाची मीटिंग डोळे उघडे ठेवून करता येते. मीटिंग लांबली की मी मागे जाऊन उभी राहते. तुमच्या ऑफिसात असं कुणी दिसलं, तर खुर्चीचा आग्रह करू नका, प्लीज.