सुडी

आमच्या रूमच्या दारामागे एक जुनं कॅलेंडर आहे. वर्ष केव्हाच संपलं, पण सिनिअर्सनी ठेवलेलं ऑक्टोबरचं पान कुणी काढत नाही. त्यावर क्लोद मोनेचं चित्र आहे. मोकळं शेत, दोन गंज्या, मागे झाडांची धूसर रेघ, तिरपं ऊन. सबमिशनच्या रात्री माझा मुंबईचा रूममेट त्याकडे बघत म्हणतो, "काय शांतता आहे यार! तुमच्या वाशीमकडे असंच असेल ना?"

असतं ना! फक्त आम्ही तिला सुडी म्हणतो. सोयाबीन सोंगलं की शेतात ढीग रचायचा, ताडपत्री टाकायची आणि मळणी यंत्राची वाट बघायची. सगळ्या गावाचं सोयाबीन एकदमच येतं, यंत्रं मोजकी. तोवर वर्षाची कमाई उघड्यावर! परतीचा पाऊस आला तर दाणा काळा पडतो, ठिणगी पडली तर राखच. गेल्या दसऱ्याला मी बाबांसोबत सुडीपाशी झोपायला गेलो होतो. रात्री दोनला जाग आली, तर ते बाजेवर बसून आभाळाकडे बघत होते.

"बाबा, झोपा ना."

"झोप कायची रे? इज चमकून रायली तिकडं."

नंतर लायब्ररीत मोनेबद्दल वाचलं आणि चकितच झालो. १८९०-९१ मध्ये त्याने फ्रान्समधल्या जिव्हेर्नी गावात अशी पंचवीसेक चित्रं काढली. ऊन सरकलं की हातातला कॅनव्हास बाजूला, दुसरा पुढे. लोक त्यांना गवताच्या गंज्या म्हणतात, पण आत कणसांसकट गहू होता! मळणीचं यंत्र गावोगाव फिरत यायचं, म्हणून तो महिनोन्महिने रचून ठेवावा लागे. म्हणजे सुडीच की! शेत शेजाऱ्याचं. मोने उजेड बघत होता तेव्हा तो शेजारी नक्की आभाळ बघत असणार.

१८९६ मध्ये मॉस्कोच्या प्रदर्शनात कँडिन्स्कीसारख्या माणसाला यातली गंजी ओळखूच आली नाही, कॅटलॉग बघावा लागला. मला पहिल्याच दिवशी ओळखू आली. यातलंच एक चित्र २०१९ मध्ये ११ कोटी डॉलरच्या वर विकलं गेलं. (हा आकडा बाबांना सांगितला नाही. उगाच सोयाबीनच्या भावाचा विषय निघाला असता.)

काल घरी फोन केला. "मशीन मंगळवारी येतो म्हंते," बाबा म्हणाले. फीच्या हप्त्याची शेवटची तारीख सोमवार. ऑफिसात मुदतीचा अर्ज दिलाय.

रात्री इथे पाऊस सुरू झाला. रूममेट दाराकडे बघत होता. म्हणाला, "ताडपत्री टाकली आहे ना रे?"