पद्मपाणीसमोर

छत्रपती संभाजीनगरच्या दुकानदाराने विचारले, "झूम किती हवा, साहेब?"

म्हटले, "झूम राहू द्या. शटर नि अ‍ॅपर्चर माझ्या हाती राहील असा खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा दाखवा."

कारण होते अजिंठा! चित्रांपुढे फ्लॅशला बंदी. मागल्या खेपेस माझ्या स्वयंचलित कॅमेऱ्याने पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचा नुसता पिवळा डाग केला होता.

या खेपेस अ‍ॅपर्चर १.८, शटर सेकंदाचा पंधरावा भाग, आणि श्वास रोखलेला. झुकलेल्या पापण्या स्पष्ट उमटल्या!

रॉबर्ट गिलने १८४४ पासून वर्षानुवर्षे इथल्या चित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्या कितीतरी १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या.

घरी पोचताच मी आधी फोटोच्या दोन प्रती करून ठेवल्या; चहा मागाहून.